ब्लड कॅन्सर बरा झाला, पण पेपर पुरा होत नाही : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लहान मुलांच्या ल्युकेमियावर, म्हणजे ब्लड कॅन्सरवर लिहिलं होतं. त्यात जाता जाता एक ओळ टाकली होती, की बऱ्या झालेल्या काही मुलांना पुढे शाळेत लक्ष आणि वेग या दोन गोष्टींचा त्रास होतो. बाकी लेखावर फार कोणी लिहिलं नाही, पण त्या एका ओळीवर पत्रांचा ढीग आला. त्यातली पाच निवडली, नावं-गावं काढली, थोडी छाटली. एक आधीच सांगते, मी औषधं लिहून देणारी डॉक्टर नाही, मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेणारी बाई आहे. त्यामुळे गोळ्या-इंजेक्शनांबद्दल खाली जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांना विचारण्यासाठी आहे, त्यांच्याऐवजी नाही.

प्रश्न : मॅडम नमस्कार. माझा मुलगा बारा वर्षांचा, सातवीत, सेमी इंग्लिशला आहे. चार वर्षांचा असताना त्याला ए.एल.एल. (ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) निघाला, अडीच वर्षं मुंबईला ट्रीटमेंट चालली, डोक्याला लाईट (रेडिएशन) नाही दिली, फक्त केमो आणि पाठीतली इंजेक्शनं. देवाच्या दयेने आता सगळे रिपोर्ट चांगले आहेत. चौथीपर्यंत अभ्यासात ठीकच होता, पण पाचवीपासून घसरला. घरी विचारलं तर उत्तर येतं आणि पेपरमध्ये अर्धं कोरं सोडून येतो. फळ्यावरचं उतरवून होत नाही तोवर बाई पुसतात. गणितात पायऱ्या गाळतो. एक काम सांगितलं तर करतो, तीन सांगितली तर पहिलं करतो आणि तिथेच काहीतरी बघत बसतो. शाळेत म्हणतात आळशी आहे, ह्याचे बाबा म्हणतात आजारपणात लाडावलाय, आणि मी रोज ओरडते आणि रात्री रडते. हे केमोमुळे आहे का? आणि असेल तर इतक्या वर्षांनी कसं?

उत्तर : ताई, आळशी नाहीये तो. समोर बसवून तपासल्याशिवाय शंभर टक्के सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही जे लिहिलंय, येतं पण पुरं होत नाही, फळ्यावरचं राहतं, तीन कामांतलं पहिलंच होतं, पायऱ्या गळतात, हे चित्र या मुलांमध्ये इतकं ओळखीचं आहे की पत्र अर्धं वाचूनच मी मान हलवली.

आधी कशामुळे ते बघू. ए.एल.एल. हा आजार नुसता रक्तात राहत नाही, मेंदूभोवतीच्या पाण्यात लपून बसू शकतो, आणि शिरेतून दिलेली बरीच औषधं तिथे नीट पोचत नाहीत. म्हणून पाठीतून मेथोट्रेक्सेट देतात आणि काही मुलांना तेच शिरेतून मोठ्या डोसमध्येही देतात. हे औषध पेशीला फोलेट वापरू देत नाही, त्यामुळे भराभर वाढणारी कॅन्सरची पेशी मरते. पण फोलेट मेंदूलाही लागतं. मेंदूत जे पांढरं द्रव्य असतं, म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणाऱ्या तारा आणि त्यांच्यावरचं मायलिनचं वेष्टण, ते लहानपणी जोरात तयार होत असतं आणि तुमच्या मुलाची केमो नेमकी त्याच वयात चालू होती. वेष्टण पातळ राहिलं की निरोप पोचतो, पण उशिरा. बुद्धी तिथेच असते. घाटात ट्रकच्या मागे अडकलेल्या गाडीसारखं आहे हे, इंजिन चांगलं, ड्रायव्हर चांगला, पण वेग ट्रकचा.

आता इतक्या वर्षांनी का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते. चौथीपर्यंत काय असतं, पाढे, कविता, गाळलेल्या जागा, आणि घरी आई जवळ घेऊन बसलेली असते. पाचवीपासून एकदम विषय वाढतात, प्रत्येक तासाला वेगळे सर, उदाहरणं तीन-चार पायऱ्यांची, उत्तर पाच ओळींचं, वह्या सांभाळा, प्रोजेक्ट आणा, आणि स्कॉलरशिपच्या परीक्षेचं टेन्शन वेगळं. म्हणजे ज्या गोष्टीत मूल कच्चं आहे, एकाच वेळी दोन-तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवणं, पटकन लिहिणं, मन भरकटू न देणं, त्याच गोष्टी शाळा आता मागायला लागते. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, शिकलेलं पुसलं जातंय असं नाहीये हे. तो शिकतोय, फक्त बरोबरीची मुलं जास्त वेगाने पुढे जातायत म्हणून अंतर दरवर्षी मोठं दिसतं. म्हणूनच "मोठा होईल तसा सुधारेल" म्हणून वाट बघत बसू नका, नेमकं उलटं होतं.

केमोनंतर सगळ्याच मुलांचं असं होत नाही हेही सांगायला हवं. कितीतरी मुलं काहीही न होता पुढे जातात, आणि ज्यांना त्रास होतो त्यांचाही सरासरी बुद्ध्यांक नॉर्मलच्या हद्दीत असतो. ट्रीटमेंटच्या वेळी वय पाचच्या आत असेल तर धोका जास्त. मुलगी असेल, डोक्याला रेडिएशन दिलं असेल किंवा आजार उलटल्यामुळे परत ट्रीटमेंट झाली असेल, तर आणखी जास्त. त्यात घरी अभ्यास घेणारं कोणी नसेल, वर्ष-दोन वर्षं शाळा बुडली असेल, तर ते वर भर घालतं. आणि एक बारीक गोष्ट जी सुटून जाते ती म्हणजे विन्क्रिस्टिन. या औषधाने हातापायाच्या नसा कमजोर होतात, ट्रीटमेंटनंतर सुधारतात पण काहींच्या बोटांत थोडं राहतं. तेव्हा त्याचं अक्षर, पेन धरणं, शर्टाची बटणं लावायला लागणारा वेळ हेही बघा, कारण कधीकधी डोकं पुढे पळतं आणि हात मागे राहतो.

आता करायचं काय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून पूर्ण चाचणी करून घ्या, पण जाताना एक सांगून जा की आम्हाला नुसता आय.क्यू.चा आकडा नकोय. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण खूप पालक माझ्याकडे एक पानी रिपोर्ट घेऊन येतात, "बुद्ध्यांक ९८, सर्वसाधारण", आणि त्या आकड्यामुळे शाळा म्हणते बघा, हुशार आहे, म्हणजे आळशीच. एकूण आकडा म्हणजे सरासरी, आणि सरासरीत खड्डा बुजून जातो. विस्क नावाच्या बुद्धिमापन चाचणीत वेगाचा आणि वर्किंग मेमरीचा, म्हणजे गोष्टी थोडा वेळ डोक्यात धरून ठेवण्याचा, आकडा वेगळा काढता येतो. मिसिक, म्हणजे तशीच भारतीय मुलांसाठीची चाचणी, घेतली असेल तर त्यातल्या अंक उलटे म्हणण्याच्या आणि कोडिंगच्या भागात किती मिळाले ते वेगळं विचारा. कोडिंग म्हणजे काय, कागदाच्या वरच्या ओळीत एकपासून नऊपर्यंत आकडे आणि प्रत्येकाखाली एक खूण, कुठे कंस, कुठे फुली, कुठे उलटा टी. खाली नुसत्या आकड्यांच्या ओळी असतात, दोन मिनिटांत त्यांच्याखाली खुणा भरायच्या. ही मुलं काय करतात माहितीये, एकही चूक करत नाहीत. प्रत्येक खुणेला वर बघतात, खाली येतात, काढतात, परत वर बघतात, कारण आधीची खूण डोक्यात टिकलेली नसते. बरोबरीचं मूल चौथ्या ओळीवर असतं तेव्हा हे दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, जीभ बाहेर काढून, जीव लावून काम करत असतं. ह्याच्या बाबांना एकदा काचेपलीकडून हे बघायला बसवा, लाडावलाय हा शब्द घरातून जाईल.

रिपोर्ट हातात आला की शाळेशी बोलायचं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचणं, लिहिणं, गणित यांतली शिकण्याची अडचण, आहे, आणि तिचं सर्टिफिकेट असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. जादा वेळ, साधारण तासाला २० मिनिटं, गरज असेल तर लेखनिक, काहींना गणितात कॅल्क्युलेटर. हे सर्टिफिकेट ठरलेल्या सरकारी किंवा पालिका हॉस्पिटलमधूनच काढावं लागतं, मुंबईत सायन, नायर, केईएमला त्यासाठी मुलं येतात, आणि नंबर लागायला वेळ जातो. दहावीच्या दिवाळीत धावपळ करण्यापेक्षा आठवी-नववीतच रांगेत लागा. केमोमुळे हळू झालेलं प्रत्येक मूल त्या सर्टिफिकेटच्या व्याख्येत बसेलच असं नाही, तिथे थोडं घोडं अडतं. म्हणून कॅन्सर हॉस्पिटलची ट्रीटमेंट समरी आणि सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट दोन्ही एकत्र घेऊन जा. सातवीसाठी तर सर्टिफिकेटची वाट बघायचीही गरज नाही, शाळेच्या आतल्या परीक्षेत दहा मिनिटं जास्त द्यायला मुख्याध्यापकांची इच्छा पुरते.

घरी एका वेळी एकच काम सांगा, बाकीची कागदावर लिहून फ्रीजला लावा. अभ्यास वीस मिनिटं, मग उठून पाणी, चक्कर, मग परत वीस मिनिटं. गणिताच्या पायऱ्यांचा एक नमुना वहीच्या डाव्या पानावर कायमचा लिहून ठेवा आणि उदाहरण उजव्या पानावर, म्हणजे डोक्यात धरायचा बोजा कागदावर येतो. खेळ बंद करू नका, मार्क कमी पडले की आपण आधी तेच करतो. लक्षाचा प्रश्न फारच असेल तर मेथिलफेनिडेट नावाचं औषध या मुलांवर अमेरिकेत, सेंट ज्यूड हॉस्पिटलमध्ये, तपासलं गेलंय आणि काही मुलांना त्याचा फायदा झाला. पण ते बालमानसोपचारतज्ज्ञ देणार, आणि केमोत हृदयावर परिणाम करणारी औषधं झालेली असतात म्हणून आधी हृदयाची तपासणी. कॉम्प्युटरवर वर्किंग मेमरीचा सराव देण्याचे प्रयोगही झालेत, त्या त्या गोष्टीत मुलं सुधारली, पण म्हणून गणितात मार्क वाढतील अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. आणि डोळे बांधून वाचायला शिकवणारे ते मिडब्रेनचे क्लास, त्यांच्या दारातही जाऊ नका. पैसे जातील ते जातील, वर पोरगं खोटं बोलायला शिकेल.

रडण्याबद्दल. रोज ओरडलात त्याची बोचणी लावून घेऊ नका, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांची आहे, सध्या ए.एल.एल.ची ट्रीटमेंट चालू आहे, सहावा महिना. तुमचा लेख आमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकला आणि त्या खाली एकीने लिहिलं की पाठीतल्या इंजेक्शनांनी मुलं मंद होतात. आता माझे हात थरथरतात. पुढची पाठीतली इंजेक्शनं कमी करायला सांगू का? सासूबाई ब्राह्मी आणि बदाम द्या म्हणतायत, एका नातेवाईकाने मेंदूचं टॉनिक पाठवलंय, ते देऊ का?

उत्तर : नाही, नाही आणि टॉनिक तर अजिबात नाही, बाटलीवरचं लेबल आधी वाचा.

त्या बाटलीत फॉलिक ॲसिड असू शकतं, काही टॉनिकांत ते असतं. वर लिहिलं तसं मेथोट्रेक्सेटचं कामच फोलेट अडवण्याचं आहे. डॉक्टर एका हाताने अडवतायत आणि आपण दुसऱ्या हाताने चमच्याने पाजतोय असं नको व्हायला. मोठ्या डोसनंतर हॉस्पिटलमध्ये ल्युकोव्होरिन देतात तेही फोलेटचंच रूप, पण ते तासांचा हिशोब करून, रक्तातली औषधाची पातळी बघून देतात, ती गोष्ट वेगळी. ब्राह्मीचंही तेच, घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी आहे असं नाही, लिव्हर आधीच औषधांचा भार वाहतंय, तेव्हा विचारल्याशिवाय काही नाही. बदाम खुशाल द्या, रक्तातल्या पेशींचे काउंट बरे असतील आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. सासूबाईंना बदामाचं डिपार्टमेंट देऊन टाका, त्यांनाही बरं वाटेल.

आता पाठीतली इंजेक्शनं. ती का आली ते ऐका म्हणजे भीती थोडी जागेवर येईल. १९४७-४८ मध्ये बॉस्टनला सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन वापरून पहिल्यांदा ल्युकेमियाची मुलं काही काळ तरी बरी करून दाखवली. ते औषध ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथलं संशोधन आपल्या आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव बघत होते, आणि आजचं मेथोट्रेक्सेट त्याच घरातलं. पण मुलं बरी व्हायची आणि काही महिन्यांत आजार परत यायचा, पुष्कळदा थेट मेंदूत. साठच्या दशकात मेम्फिसच्या सेंट ज्यूडमध्ये डोनाल्ड पिंकेल यांनी ठरवलं की आजार मेंदूत दिसायची वाट बघायचीच नाही, आधीच तिथे ट्रीटमेंट द्यायची. डोक्याला रेडिएशन आणि पाठीतून मेथोट्रेक्सेट. १९६७ च्या आसपास सुरू झालेल्या त्यांच्या पद्धतीने निम्मी मुलं बरी व्हायला लागली, जिथे त्याआधी जवळजवळ कोणीच वाचत नव्हतं. पुढे ती मुलं शाळेत गेली आणि रेडिएशनची किंमत दिसली. मग डॉक्टरांनी डोस उतरवत आणला, २४ ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप), मग १८, मग १२, आणि २००० ते २००७ मध्ये त्याच सेंट ज्यूडने सगळ्याच मुलांचं प्रतिबंधात्मक रेडिएशन काढून टाकून बघितलं, पाठीतल्या आणि शिरेतल्या औषधांवर भर दिला, आणि मुलं तितकीच चांगली बरी झाली. म्हणजे तुम्हाला ज्याची भीती वाटतेय ती पाठीतली सुई म्हणजेच डोक्याचं रेडिएशन टाळण्याची वाट आहे. ती कमी करा म्हणून मागे लागणं म्हणजे आजाराला मागचं दार उघडं ठेवणं, आणि आजार मेंदूत उलटला तर मग जी ट्रीटमेंट लागते ती मेंदूला याच्या कितीतरी पट जड.

तुमच्या हातात जे आहे ते सांगते. पुढे मेंटेनन्स, म्हणजे ट्रीटमेंटचा शेवटचा लांबलचक टप्पा, सुरू झाला की घरी गोळ्या असतील, मर्काप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. एकदाच, रोज नाही, ही गल्लत खरंच होते आणि महागात पडते, कॅलेंडरवर वार लिहून भिंतीला लावा. गोळ्या बुडवायच्या नाहीत. पाठीतल्या इंजेक्शननंतर पुढच्या दोनेक आठवड्यांत एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, बोलणं अडखळलं, झटका आला तर ताबडतोब हॉस्पिटल. मेथोट्रेक्सेटने कधीकधी असं होतं, बहुतेक वेळा उतरतंही, पण दाखवायलाच हवं. आणि स्टिरॉइडच्या दिवसांत ती चिडेल, रात्री दोनला उठून वरणभात मागेल, ते औषध बोलतंय, मूल बिघडलं असं नाही.

बाकी तिच्याशी बोला. वॉर्डात मोबाईल हातात देणं सोपं असतं आणि मी कोणाला दोष देत नाही, सलाईन लागलेल्या तीन वर्षांच्या मुलीला बेडवर बसवून ठेवायचं तर दुसरं काय करणार. पण दिवसातून थोडा वेळ गोष्ट, गाणं, ठोकळे, रंग. ट्रीटमेंट संपली की शाळेत घालण्याआधी एकदा चाचणी करून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी हातात राहील.

प्रश्न : मी एक निवृत्त आजोबा आहे. नातीला पाचव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला होता, आता ती नऊ वर्षांची, ठणठणीत आहे. मुलगा-सून घर बदलून दुसऱ्या शहरात गेले आणि नवीन शाळेत आजाराचं काहीच सांगितलेलं नाही. म्हणतात मुलगी आहे, उद्या लग्नाच्या वेळी निघेल. आता तिचा वर्गात धांदरटपणा वाढला आहे अशी तक्रार येते. मी मध्ये पडावं का?

उत्तर : पडा काका, पण मुलाशी भांडून नको. त्यांची भीती काही हवेतली नाही, आपल्याकडे स्थळ बघताना लोक काय काय विचारतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. पण नऊ वर्षांच्या मुलीची अडचण आजची आहे आणि लग्न पंधरा-वीस वर्षांनंतरचं, त्यासाठी आजची सगळी शाळा कशाला गहाण टाकायची? पाचव्या वर्षी आजार आणि वर मुलगी, म्हणजे लक्ष ठेवण्यासारख्या गटातच ती बसते. मुलींना हा त्रास जास्त होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि त्या वर्गात दंगा करत नाहीत म्हणून उशिरा लक्षात येतात. तिची तक्रार तरी आली, हे बरंच म्हणायचं.

मधला मार्ग असा. सगळ्या शाळेला सांगायची गरज नाही. वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापिका या दोघींना भेटून सांगायचं की लहानपणी मोठं आजारपण झालं, त्याच्या औषधांमुळे हिला लिहायला आणि लक्ष द्यायला जास्त वेळ लागतो, हे गुप्त ठेवा. कॅन्सर हा शब्द वापरायचा की नाही ते आई-बापांनी ठरवावं. माझं मत विचाराल तर वापरावा, कारण अर्धवट सांगितलं की शिक्षक मनाने गोष्ट पुरी करतात आणि ती खऱ्यापेक्षा वाईट असते.

आणि मुलीला स्वतःला माहितीये का? हे तुम्ही लिहिलं नाहीत. नऊ वर्षांच्या मुलीला पाठीवर, छातीवर व्रण दिसतो, हॉस्पिटलच्या वाऱ्या आठवतात. तिला काही सांगितलं नाही तर ती एवढंच धरून बसते की मी मठ्ठ आहे. मोठी झाल्यावर तिला तिच्या औषधांची यादी स्वतःलाच सांभाळायची आहे. लग्नाच्या बोलणीत काय सांगायचं तेही तीच ठरवेल, तुम्ही-आम्ही तेव्हा असू-नसू. मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये १९९१ पासून ॲक्ट क्लिनिक चालतं, ट्रीटमेंट संपलेल्या मुलांचं, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली लहानपणी कॅन्सरमधून बरे झालेल्यांचा उगम नावाचा गट २००९ पासून आहे. त्यातली कितीतरी मुलं-मुली आज नोकऱ्या करतात, संसार करतात. मुलाला आणि सूनबाईंना त्यांच्यातल्या एखाद्याला भेटवा, तुमच्या-माझ्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

प्रश्न : वय ३१, बँकेत आहे. सहाव्या वर्षी ए.एल.एल. झाला होता, तेव्हा केमोबरोबर डोक्याला लाईटही दिली होती. मीटिंगमध्ये काय ठरलं ते बाहेर येईपर्यंत निसटतं, नावं आठवत नाहीत, दोन लोक एकदम बोलले की गोंधळतो. सगळं मोबाईलमध्ये लिहून ठेवतो म्हणून कोणाला कळत नाही. इंटरनेटवर वाचलं की पुढे लवकर स्मृतिभ्रंश होतो. खरं आहे का?

उत्तर : तुला तू म्हणते, चालेल ना. तू इंटरनेटवर जे वाचलंस ते बहुधा सेंट ज्यूडच्याच कामावर बेतलेलं असणार. त्यांनी लहानपणी डोक्याला रेडिएशन झालेल्या मोठ्या माणसांची स्मृती तपासली, त्यात २४ ग्रे मिळालेल्यांची वयाच्या मानाने बरीच कमी निघाली, १८ ग्रेवाल्यांमध्ये तसं ठळक दिसलं नाही. म्हणून पहिलं काम, जुनी फाईल शोध. आपल्याकडे तुझ्या लहानपणी एम.सी.पी. ८४१ नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेली उपचारपद्धत, खूप ठिकाणी वापरायचे, त्यात डोक्याचं रेडिएशन होतं. फाईलमध्ये ग्रे किंवा सेंटीग्रेमध्ये डोस लिहिलेला असेल, १८०० सेंटीग्रे म्हणजे १८ ग्रे. फाईल आईच्या कपाटात असते, साड्यांच्या खाली, माझा अनुभव आहे. नसेलच तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज कर.

आणि स्मृतिभ्रंश हा शब्द स्वतःला चिकटवण्याआधी बाकीच्या गोष्टी बघ, कारण त्यांवर इलाज आहे. रेडिएशननंतर थायरॉइड आणि पिट्युटरीचे (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचे) हार्मोन कमी होऊ शकतात, आणि नुसत्या थायरॉइडनेही माणूस मंदावतो. झोप लागते का, घोरतोस का, मन उदास असतं का, बीपी-शुगर किती, केमोतल्या औषधांमुळे हृदयाचा इको कधी केलायस. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या यंत्रणेची तब्येत चांगली ठेवणं ही तुझ्यासाठी इतरांपेक्षा जास्त महत्त्वाची गोष्ट आहे, तेव्हा सिगरेट असेल तर बंद आणि रोज दमेपर्यंत चालणं चालू. नवीन प्रकारची डोकेदुखी सुरू झाली आणि थांबत नाही, किंवा दिसण्यात फरक पडला, तर अंगावर काढू नकोस, रेडिएशननंतर कैक वर्षांनी मेंदूच्या आवरणात गाठ होऊ शकते, बहुतेकदा साधी असते पण वेळेवर दिसलेली बरी. अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या मार्गदर्शक सूचना अशा जुन्या पेशंटांसाठीच आहेत, तुझ्या डॉक्टरला त्या माहीत नसतील तर प्रिंट काढून ने, चांगला डॉक्टर रागावत नाही.

मोबाईलमध्ये लिहून ठेवतोस त्याची लाज कशाला? आम्ही लोकांना फी घेऊन तेच शिकवतो. फक्त लपवून करतोस त्यात निम्मी ताकद जाते. वरिष्ठांपैकी एकाला, विश्वासातल्या, एवढं सांग की मीटिंगनंतर ठरलेलं मेलवर दिलंत तर माझं काम चोख होतं. आजार सांगायची गरज नाही. आणि एकदा नीट चाचणी करून घे, आजचे आकडे हातात असले की पाच वर्षांनी परत करून खरंच घसरण आहे का ते कळेल, नाहीतर प्रत्येक विसरलेल्या नावाला तू दचकत राहशील.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. वर्गात एक मुलगा ब्लड कॅन्सरमधून बरा होऊन आलाय. पट ४२ आहे. आमच्याकडे सायकॉलॉजिस्ट वगैरे काही नाही. मी काय करू?

उत्तर : सर, तुम्ही विचारलंत यातच त्याचं अर्धं काम झालं. बेचाळीस पोरांत वेगळं काही करायला वेळ नसतो हे धरूनच सांगते. त्याला पुढच्या बाकावर, दारा-खिडकीपासून लांब बसवा. फळ्यावरचं सगळं उतरवायला लावू नका, शेजारच्या हुशार मुलाच्या वहीचा मोबाईलवर फोटो काढून त्याच्या आईला पाठवा, किंवा तुमचीच टाचणाची वही द्या. दहा उदाहरणांऐवजी चार द्या, पण तीच चार पूर्ण होऊ द्या. प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा आणि मगच दुसऱ्याकडे वळा, बऱ्याचदा आठव्या सेकंदाला उत्तर येतं. चाचणीत जमेल तिथे तोंडी विचारा. पळण्यात मागे पडला, पाय ओढत चालला तर ओरडू नका, औषधांनी नसा कमजोर झालेल्या असतात, पण खेळातून काढूही नका, स्कोअर लिहायला तर मुळीच बसवू नका, ते त्याच्या सगळ्यात नावडीचं काम असणार. केस नसतील तर टोपीला परवानगी. ट्रीटमेंट चालू असेल आणि वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी घरी फोन करा, पाल्य आजारी आहे म्हणून सांगायला त्या दुसऱ्या मुलाचे आई-वडील येतील तेव्हा नव्हे, कळल्या क्षणी. आणि समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ तुमच्या गटसाधन केंद्रात असतील, त्यांच्याकडे याचं नाव लेखी द्या. तोंडी सांगितलेलं बदलीबरोबर जातं.